मिशेल टिम्स: ऑस्ट्रेलियन बास्केटबॉलची वाट नक्की कुणी पाडली?

पॉइंटगार्ड

शिकागो बुल्सच्या धाग्यावर ल्यूक लॉन्गलीचा विषय निघाला आणि 'ऑस्ट्रेलियन बास्केटबॉलची वाट त्यानेच पाडली' असं दोघातिघांनी ठोकून दिलं. तिथे वाद घालून तो धागा भरकटवण्यापेक्षा इथे वेगळा काढतो.

लॉन्गली १९९१ साली एनबीएत (अमेरिकेतली पुरुषांची व्यावसायिक लीग) गेला आणि तिथे खेळलेला पहिला ऑस्ट्रेलियन तोच, हे मान्य. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १९८९ मध्ये, मेलबर्नची एक चोविशीतली मुलगी जर्मनीत म्युनिकच्या क्लबकडून खेळायला गेली होती. नाव मिशेल टिम्स. परदेशात व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेली ती पहिली ऑस्ट्रेलियन महिला. तिच्यामागे विद्यापीठाची शिष्यवृत्ती नव्हती, एजंटांची फौज नव्हती, आणि आपल्याआधी कुणी गेलंय का ते विचारायलाही कुणी नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियात महिलांची राष्ट्रीय लीग (डब्ल्यूएनबीएल) १९८१ साली सुरू झाली. टिम्स त्यात १९८४ मध्ये आली, मेलबर्नच्याच बुलीन क्लबकडून. पुढच्या वर्षी नुनावाडिंग स्पेक्टर्सकडे गेली. तिथे प्रशिक्षक टॉम माहर आणि त्याची बायको रॉबिन माहर, जी राष्ट्रीय संघाचीही आधारस्तंभ. ऐंशीच्या दशकात नुनावाडिंगला हरवणं म्हणजे मोठी गोष्ट होती. पण खेळ कितीही चांगला असला तरी पैसा नव्हता. बहुतेक मुली दिवसा नोकरी करायच्या, संध्याकाळी सराव आणि शनिवार-रविवारी सामने. चोवीस तास फक्त खेळायचं असेल तर देश सोडण्यावाचून इलाज नव्हता. म्हणून म्युनिक, मग इटलीत फ्लॉरेन्स, पुन्हा जर्मनी, आणि अधूनमधून घरी येऊन पर्थ नाहीतर सिडनीकडून खेळणं. १९९३ मध्ये सिडनी फ्लेम्सने लीग जिंकली तेव्हा ती त्या संघात होती.

१९९७ मध्ये अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीग, डब्ल्यूएनबीए, निघाली. सुरुवातीला जे मोजके खेळाडू लीगने स्वतःच संघांना वाटून दिले, त्यात टिम्स होती: फिनिक्स मर्क्युरी संघ, जर्सी क्रमांक ७. डब्ल्यूएनबीएत खेळलेली पहिली ऑस्ट्रेलियन. तेव्हा ती ३२ वर्षांची होती. बारीक कापलेले, ब्लीच केलेले पांढुरके केस, आणि बॉलसाठी जमिनीवर सूर मारायची सवय. फिनिक्सच्या प्रेक्षकांनी तिला पहिल्याच उन्हाळ्यात आपलंसं केलं.

त्यानंतर १९९८ ची अंतिम फेरी, १९९९ ला ऑलस्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या) सामन्यासाठी निवड, २००१ नंतर निवृत्ती. २००२ साली मर्क्युरीने तिचा ७ नंबर कायमचा निवृत्त केला. त्या क्लबच्या इतिहासात हा मान मिळालेली पहिली खेळाडू तीच.

माझं म्हणणं एवढंच की लॉन्गलीला जायला अमेरिकेतला ठरलेला रस्ता होता: कॉलेज, ड्राफ्ट (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो), करार. टिम्स गेली तेव्हा रस्ताच नव्हता. बोला आता.

खडूस

बोलतो. पॉइंटगार्डसाहेब, लेख छान आहे पण भावनेच्या भरात आकडे खाल्लेत. टिम्सची डब्ल्यूएनबीएमधली गुणांची सरासरी एक आकडी आहे. एकही विजेतेपद नाही, एकही एमव्हीपी (मोसमातली सर्वोत्तम खेळाडू) नाही. ऑस्ट्रेलियन महिला बास्केटबॉलबद्दल धागा काढायचा तर लॉरेन जॅक्सनवर काढायचा! २००१ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक, २००३, २००७ आणि २०१० अशी तीन वेळा एमव्हीपी, सिएटल स्टॉर्मला दोन विजेतेपदं. २००३ मध्ये ती एमव्हीपी झाली तोवर अमेरिकेबाहेरच्या कुणालाच तो मान मिळाला नव्हता. याला म्हणतात वाट पाडणं.

'पहिली गेली' एवढ्यावर थोरवी ठरवायची तर विमानाचं तिकीट काढणारा प्रत्येक जण थोर.

भटक्या

खडूसभाऊ 😄

वाचतोय. जॅक्सन म्हणजे तीच ना, जिने ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या लिसा लेस्लीचे केस उपटले होते?

डावखुरी

भटक्या, गंगावन होतं ते! सिडनी २०००, अंतिम सामना. झटापटीत लेस्लीचं लावलेलं केसांचं शेपूट जॅक्सनच्या हातात आलं. जॅक्सन तेव्हा १९ वर्षांची होती. इतकी वर्षं झाली तरी लोकांना तेवढंच आठवतं, काय म्हणावं.

खडूस, सरासरीबद्दल एक सांगते. टिम्ससारखीच मीही विद्यापीठाकडून पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून चाली रचणारी) खेळलेय, तेव्हा जरा पोटतिडकीने बोलणार. गार्डचं काम स्कोअरशीटवर निम्मंसुद्धा दिसत नाही. समोरचीला बॉल सहज आणू न देणं, तिला तिच्या नावडत्या बाजूला ढकलणं, सेंटरला (बास्केटजवळच्या उंच खेळाडूला) जिथे बॉल हवा तिथेच आणि ती वळायच्या क्षणीच तो देणं. यातल्या 'असिस्ट' (ज्यावर थेट गुण होतो ते पास) तेवढ्या मोजल्या जातात, बाकी हवेत. टिम्सच्या खेळाचे जे काही तुकडे बघायला मिळतात त्यात ती बॉलपेक्षा समोरचीच्या कमरेकडे बघत बचाव करताना दिसते. बॉल फसवतो, कंबर फसवत नाही. हे आम्हाला सरांनी ओरडून ओरडून शिकवलं होतं तरी सामन्यात जमायचं नाही.

आणि पहिल्या मोसमात तिची सरासरी दोन आकडी होती हो. ३२ व्या वर्षी.

खडूस

वयाचं कारण पुरे. सिंथिया कूपर टिम्सपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तीही सगळी उमेदीची वर्षं युरोपात खेळून आली होती. १९९७ आणि १९९८, दोन्ही वर्षी एमव्हीपी, शिवाय ह्यूस्टन कॉमेट्सला पहिली चारही विजेतेपदं. १९९८ ला फिनिक्सला अंतिम फेरीत हरवणारीही तीच. मग?

पॉइंटगार्ड

हा मुद्दा चांगला आहे, टोलवत नाही.

कूपर अपवादच होती. पण तिच्या बाजूला कोण होतं तेही बघा: शेरिल स्वूप्स आणि टीना थॉम्पसन. त्या काळात असं त्रिकूट दुसऱ्या कुठल्याही संघाकडे नव्हतं. फिनिक्सकडे जेनिफर गिलम होती, बाकी कष्टाळू मंडळी. पहिल्या वर्षी तर नॅन्सी लिबरमनही होती, चाळिशीच्या उंबरठ्यावरची. प्रशिक्षक शेरिल मिलर, एनबीएतल्या रेजी मिलरची बहीण आणि स्वतः तिच्या काळातली सर्वोत्तम खेळाडू.

१९९८ ची अंतिम फेरी तीन सामन्यांची होती. पहिला फिनिक्समध्ये: मर्क्युरी ५४, ह्यूस्टन ५१. म्हणजे एक सामना जिंकला की चषक. ह्यूस्टनमधल्या दुसऱ्या सामन्यात मर्क्युरी उत्तरार्धात चांगली पुढे होती, तिथून कूपरने सामना ओढून आणला, जादा वेळेत ७४-६९. तिसरा ८०-७१. कॉमेट्सने जिंकलेल्या पहिल्या चार विजेतेपदांत इतकं रडवलेलं दुसरं कुणी मला आठवत नाही.

तेव्हा 'एकही विजेतेपद नाही' हे खरं, पण किती थोडक्यात हुकलं तेही लिहा की राव.

बॉक्सहिलकरीण

मेलबर्नहून लिहितेय. या धाग्यामुळे राहवलं नाही.

आमच्या पूर्व उपनगरांत शनिवार म्हणजे बास्केटबॉल. दहा-बारा वर्षांच्या मुलींचे संघच्या संघ, सकाळपासून एकामागून एक सामने, बाहेर पार्किंगला जागा नाही. माझी लेक नुनावाडिंगच्याच हॉलमध्ये खेळते. भारतातून येताना माझी समजूत अशी होती की खेळ म्हणजे शाळेचा विषय. इथे शाळेपेक्षा क्लब मोठा. क्लबमध्ये लहान मुलं, कुमार गट, राज्याच्या लीगमधला संघ असे सगळे एकाच छपराखाली. स्कोअर लिहायला, घड्याळ सांभाळायला पालकच बसतात (मीही बसते, आणि दर वेळी कुठल्या ना कुठल्या आजोबांच्या शिव्या खाते). टिम्स याच व्यवस्थेतून वर आली. अमेरिकेतल्या मुली कॉलेजातून घडतात आणि इथल्या क्लबातून. हा फरक धाग्यात यायला हवा असं वाटलं.

आणखी एक, आपल्याकडच्या कुणाला ठाऊक नसेल म्हणून. नुनावाडिंगपासून गाडीने थोडं पुढे रिंगवूड लागतं. तिथल्या रिंगवूड हॉक्सकडून केरळची गीतू ॲना जोस खेळली होती, २००६ च्या सुमाराला. ऑस्ट्रेलियन क्लबकडून खेळलेली पहिली भारतीय महिला. म्हणजे ज्या भागातून टिम्स बाहेर पडली, त्याच भागात आपली एक मुलगी बाहेरून येऊन खेळली.

डावखुरी

गीतू! बॉक्सहिलकरीणताई, नाव काढलंत म्हणून बरं वाटलं. पुढे २०११ मध्ये तिला डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी चाचणीसाठी बोलावलं होतं. निवड झाली नाही. पण आमच्या पिढीला तेवढंही स्वप्नवत होतं.

आपल्याकडे मुलींचं बास्केटबॉल म्हणजे रेल्वे. चांगली खेळलीस की क्रीडा कोट्यातून नोकरी, मग राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेकडून खेळायचं आणि राज्याच्या संघाला हरवायचं. नोकरी पक्की हे खरं, आणि घरच्यांना खेळायचं कारण पटवायला तोच एक मुद्दा उपयोगी पडतो. पण पंचविशीत बाहेर देशात जाऊन पूर्ण वेळ खेळायचं तर ती पक्की नोकरी पणाला लावावी लागते. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली तेव्हा आम्ही सगळ्या जणी ग्रुपवर नाचलो होतो. ती परदेशी लीगमध्ये पूर्ण वेळ खेळली असती तर कुठे असती, हा विचार येतोच. टिम्सने १९८९ मध्ये जे केलं त्यातलं खरं अवघड हेच: घरचं जे काही थोडंफार आहे ते सोडून जाणं. तिकीट काढणं सोपं असतं, खडूस.

अंकगणित

पैशांचा विषय निघालाच आहे तर जरा हिशोब.

डब्ल्यूएनबीएच्या पहिल्या मोसमात पगार साधारण १५ हजार ते ५० हजार डॉलरच्या पट्ट्यात होते. निवडक तारकांना लीगचे वेगळे जाहिरात-करार, ते सोडा.

आता लॉन्गली. शिकागोबरोबर १९९६, ९७, ९८ ची तीन विजेतेपदं झाल्यावर १९९९ च्या सुरुवातीला तो फिनिक्स सन्सकडे गेला. पाच वर्षांचा, सुमारे तीन कोटी डॉलरचा करार.

गंमत कळली का? सन्स आणि मर्क्युरी एकाच इमारतीत खेळायचे, अमेरिका वेस्ट अरीनामध्ये. दोन्हींचा कारभार जेरी कोलँजेलोकडेच. म्हणजे १९९९ आणि २००० मध्ये ऑस्ट्रेलियाचा एनबीएतला पहिला खेळाडू आणि डब्ल्यूएनबीएतली पहिली खेळाडू, दोघंही एकाच शहरात, एकाच मैदानावर, एकाच मालकाकडे. तो हिवाळ्यात, ती उन्हाळ्यात. लाकडी फरशी तीच, पगारातली शून्यं वेगळी.

एनबीएचा महसूल किती पटींनी मोठा होता वगैरे मला शिकवू नका, माहीत आहे. तरी हा योगायोग नोंदवून ठेवावासा वाटला.

भटक्या

अंकगणितराव, हे भारीच. हे कुठेच वाचलं नव्हतं.

लॉन्गलीबद्दल तेवढं वाईट बोलू नका पण. बुल्सवर २०२० मध्ये एवढी मोठी माहितीपट-मालिका आली आणि त्यात तीन विजेतेपदांच्या सेंटरची मुलाखतच नाही!

पॉइंटगार्ड

लॉन्गलीबद्दल वाईट कुणीच बोलत नाहीये. सात फूट दोन इंचांचा माणूस, घोटे साथ देईनात म्हणून २००१ मध्येच थांबला. टिम्सही त्याच वर्षी. त्याची गोष्ट वेगळ्या धाग्यात लिहा, मी येतो प्रतिसाद द्यायला.

अंकगणित, एकाच इमारतीचा मुद्दा माझ्याही डोक्यात आला नव्हता. धागा सार्थकी लागला.

आता राष्ट्रीय संघाकडे वळतो, कारण माझ्या मते टिम्सचं खरं माप तिथे लागतं. १९८८ चं सोल ऑलिंपिक. ऑस्ट्रेलियन मुली उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून ५७-५६ अशा, एका गुणाने हरल्या. शेवटी चौथा क्रमांक. १९९२ च्या बार्सिलोनाला तर पात्रच ठरल्या नाहीत. मग टॉम माहर प्रशिक्षक झाला आणि संघ नव्याने उभा राहिला. अटलांटा १९९६: उपांत्यपूर्व फेरीत रशियाला जादा वेळेत ७४-७० ने काढलं, उपांत्य फेरीत अमेरिकेकडून हार, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात युक्रेनवर ६६-५६. ऑस्ट्रेलियाला बास्केटबॉलमध्ये मिळालेलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. पुरुषांचं धरूनसुद्धा पहिलं! पुरुषांना त्यासाठी टोकियोपर्यंत थांबावं लागलं.

सिडनी २००० मध्ये घरच्या प्रेक्षकांपुढे अंतिम सामन्यापर्यंत एकही हार नाही. अंतिम सामन्यात अमेरिकेने ७६-५४ ने धुतलं, ते सोडा. त्या संघात ३५ वर्षांची टिम्स आणि १९ वर्षांची जॅक्सन एकत्र होत्या. पुढच्याच वर्षी जॅक्सन ड्राफ्टमध्ये पहिली. तिला सिएटलला जाताना 'ऑस्ट्रेलियन मुलगी तिथे टिकेल का' असं कुणी विचारलं नाही, ते का विचारलं नाही याचं उत्तर या धाग्याच्या नायिकेपाशी आहे.

खडूस

ओढूनताणून. जॅक्सनला कुणी विचारलं नाही कारण ती सहा फूट पाच इंच होती आणि बाहेरून तीन गुणांचे शॉट मारत होती. शिवाय तिची आई मरी सत्तरच्या दशकातच अमेरिकेत लुइझियाना स्टेटकडून कॉलेज बास्केटबॉल खेळली होती. जॅक्सनचा १५ नंबर आईकडून आलेला. तेव्हा वाट पाडायचीच गोष्ट असेल तर आईचं नाव घ्या.

दुसरं म्हणजे टिकाव. गुडघ्याने लॉरेनला २०१६ मध्ये निवृत्त व्हायला लावलं. दोन मुलं झाली. २०२२ मध्ये आपल्या गावच्या, ऑलबरी-वोडोंगाच्या संघाकडून पुन्हा सुरुवात केली आणि त्याच वर्षी सिडनीतल्या विश्वचषकात कॅनडाविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात ३० गुण. वय ४१. मग पॅरिस २०२४, ४३ व्या वर्षी पाचवं ऑलिंपिक आणि पाचवं पदक. लंडन २०१२ ला ध्वजधारकही तीच. असं कुणी दाखवा.

डावखुरी

मरी जॅक्सनचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. तिने कॉलेज गाजवलं, पण त्यानंतर तिला व्यावसायिक म्हणून जायला ना लीग होती ना पगार. वीस वर्षं आधी जन्मलेल्या बायकांची अशीच अडचण.

अंकगणित

एक तांत्रिक मुद्दा, ज्याने जॅक्सनच्या पिढीला खरा फरक पडला. टिम्सच्या बहराच्या काळात डब्ल्यूएनबीएल ऑस्ट्रेलियन हिवाळ्यात व्हायची, म्हणजे अमेरिकन उन्हाळ्यात. दोन्हीकडे खेळणं अशक्य. १९९८-९९ पासून ती ऑस्ट्रेलियन उन्हाळ्यात सरकली. मग मे ते सप्टेंबर अमेरिका आणि त्यानंतर घरी. सुझी बॅटकोव्हिक, पेनी टेलर, क्रिस्टी हॅरोवर, सगळ्यांनी कधी ना कधी हा दुहेरी हिशोब जमवला. हॅरोवरची सुरुवात तर १९९८ ला फिनिक्समध्येच, टिम्सच्या शेजारी.

पेनी टेलरही पुढे फिनिक्सचीच झाली. तीन विजेतेपदं, आणि तिचा १३ नंबरही निवृत्त होऊन छताला. २०१४ च्या विजेतेपदाला प्रशिक्षक सँडी ब्राँडेलो, म्हणजे टिम्सची ऑलिंपिकमधली सहकारी. एका क्लबात इतक्या ऑस्ट्रेलियन मुली कशा जमल्या हे वेगळं सांगायला नको.

बॉक्सहिलकरीण

काल सरावाच्या वेळी लेकीच्या प्रशिक्षकांना मुद्दाम टिम्सबद्दल विचारलं. पन्नाशीच्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, लहानपणी आम्हाला तिच्यासारखे केस कापायचे असायचे आणि आई कापू द्यायची नाही. बारा वर्षांच्या मुलींना विचारलं तर एकीलाही नाव माहीत नाही. जॅक्सन सगळ्यांना माहीत आहे, तिची जर्सी तिघीचौघींच्या अंगात होती.

खडूस

बघा. जनता जनार्दन माझ्या बाजूने.

पॉइंटगार्ड

असू दे. नेस्मिथ हॉल ऑफ फेमनेही (बास्केटबॉलमधल्या थोरांचं अमेरिकेतलं सन्मानदालन) तुमचीच बाजू घेतली होती, जॅक्सन २०२१ ला आणि टिम्स २०२४ ला. आधी जाणारी नंतर पोचली. २०२४ च्या यादीत तिच्याबरोबर एनबीएतले व्हिन्स कार्टर आणि चॉन्सी बिलप्स होते, आपल्याकडच्या बातम्यांत नावं फक्त त्या दोघांची.

डावखुरी, तुम्ही पॉइंट गार्डच्या बचावावर वेगळा धागा काढाच. आणि खडूस, जॅक्सनचा धागा तुम्ही काढा. कोरिया आणि रशियातली तिची वर्षं त्यात नक्की घ्या, कारण तीन एमव्हीपी मिळवलेल्या खेळाडूलाही पोटासाठी तिकडे जावंच लागलं.

खडूस

काढतो. शनिवारी. तिथे टिम्सचा विषय काढायचा नाही.